पाण्याखालचं डेट्रॉईट

माझ्या दोन्ही कानांच्या आलेखात चार हजार हर्ट्झच्या आसपास एक खड्डा आहे. कानांची तपासणी करणाऱ्या बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "प्रेस शॉपला होतात का?" मी काय काम करायचो हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचं ऐकणं आधी तिथंच खचतं, म्हणून तो खड्डा बघून त्यांना ओळखता येतं. खालचे, जाड, घुमणारे आवाज शाबूत राहतात. वरचे, बारीक, धारदार आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ पुसट होतात. घरातलं कुणी पाठमोरं बोललं की 'सात' म्हणाले की 'हात', ते मला अंदाजानं ठरवावं लागतं.

भोसरीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसच्या रांगेशेजारी मी 11 वर्षं काढली. आधी ऑपरेटर, मग सेटर. कानात घालायचे बोळे ऑडिटच्या दिवशी डब्यातून बाहेर यायचे आणि संध्याकाळी परत डब्यात जायचे. 90 डेसिबलचा आवाज आठ तासांपेक्षा जास्त कानावर पडू नये आणि आवाज पाच डेसिबलनं वाढला की वेळ निम्मी व्हावी, असा नियम तेव्हाही होता. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा रोग म्हणून नोंदवलेला होता. आमच्यापैकी कुणाचाही रोग कुठे नोंदला गेला नाही.

हे आधी सांगायचं कारण असं, की ज्या अल्बमवर माझा 20 वर्षं जीव आहे, तो आता मला पूर्ण ऐकू येत नाही. त्याचं नाव 'नेपच्यून्स लेअर'. मराठीत म्हणायचं तर वरुणाची गुहा. 1999 साली बर्लिनच्या 'ट्रेझोर' या कंपनीनं तो काढला. करणारे दोघे अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातले, जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड. दोघांनी मिळून घेतलेलं नाव ड्रेक्सिया. विजेच्या वाद्यांवर केलेलं, अंधारं, बहुतेक शब्दांवाचूनचं संगीत. एकूण 21 तुकडे, काही जेमतेम मिनिटभराचे. ड्रम मशीनचा कोरडा ठोका, त्याखाली सरपटणारा खर्ज आणि वर हाय-हॅटची बारीक चुरचुर. ती चुरचुर मला आता आठवणीतूनच भरून घ्यावी लागते. उरलाय तो खर्ज.

पहिल्यांदा तो कंपनीच्या बसमध्ये ऐकला. तोवर मी चाकणला आलो होतो. थर्ड शिफ्ट सुटल्यावर मोशीच्या रस्त्यानं बस परत यायची. बरोबरच्या एका पोरानं कुठून तरी गाणी उतरवून पेन ड्राइव्हमध्ये भरली होती आणि कानातल्या दोन बोंडांपैकी एक मला दिलं होतं. खिडकीबाहेर तळेगाव चौकापासून लागलेली ट्रेलरची रांग, प्रत्येक ट्रेलरवर नव्या कोऱ्या गाड्या, आणि कानात कुणीतरी खोल पाण्यातून दिवा हलवतोय असा आवाज. मला ते आवडलं असं म्हणता येणार नाही, मला ते ओळखीचं वाटलं. आवडायला पुढे दोन-तीन महिने लागले. ओळख मात्र त्याच पहाटे पटली, आणि ती का पटली हे शोधण्यात माझी पुढची बरीच वर्षं गेली. हा लेख त्या शोधाचा आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणला 'भारताचं डेट्रॉईट' म्हणायची आपल्याकडे जुनी सवय आहे. चेन्नईवालेही स्वतःला तेच म्हणवतात. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, शिवाय आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को, आणि 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगन. 2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 17 लाख 27 हजार भरली. डेट्रॉईट शहराची 1950 मधली लोकसंख्या साडेअठरा लाख होती. तिथून ते ओसरत गेलं. 2000 साली साडेनऊ लाख उरले आणि 2013 मध्ये शहरानं दिवाळं जाहीर केलं. आपण नाव घेतलं ते साडेअठरा लाखांच्या आकड्याकडे बघून.

नाव घेताना एक गोष्ट आपण घेतलीच नाही. त्या शहरानं गाड्यांबरोबर संगीतही घडवलं, आणि ते गाड्यांपासून वेगळं काढता येत नाही. मोटाउन कंपनी काढणारा बेरी गॉर्डी हा लिंकन-मर्क्युरीच्या असेंब्ली लाइनवर कामाला होता. रेकॉर्ड कंपनी चालवायची रीत त्यानं त्या लाइनवरूनच उचलली. एका टोकाला पोरगं उभं करायचं, दुसऱ्या टोकाला गायक बाहेर काढायचा. 1980 च्या दशकात हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन काळ्या तरुणांनी स्वस्तात मिळालेल्या सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर टेक्नो नावाचं संगीत उभं केलं. तोवर लाइनवर माणसांच्या जागी रोबोट येऊ लागले होते. 1989 च्या सुमारास 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' नावाचा गट आला, चेहरे झाकून वाजवणारा. ड्रेक्सियाची सुरुवातीची काही कामं त्याच गटानं काढली. यातल्या स्टिन्सननं पोटासाठी ट्रक चालवला. 2002 साली तो अकाली गेला. तो हयात होता तोवर ड्रेक्सियाचे चेहरे फारसे कुणी पाहिले नव्हते.

आमच्या पट्ट्यात साठ वर्षांत इतकी यंत्रं आली, त्यातून काय वाजलं? प्रश्न विचारताना मला कुणाला हिणवायचं नाही. पिंपरी चौकात एप्रिल महिन्यात भीमगीतांनी रात्र जागते. आषाढीच्या वारीला तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करते, तेव्हा कारखान्यांच्या भिंतींना टाळांचा आवाज लागतो. तो आवाज ऐकून प्रेसवर उभ्या माणसाचा हात क्षणभर थांबलेला मी पाहिला आहे. पण भीमगीतं आणि अभंग कारखान्याच्या आधीपासून आपल्याजवळ होते. कारखान्यानं आपल्याला नवं काय गायला लावलं? आणि कारखाना इथं यायच्या आधी जे होतं आणि आता नाही, त्याला कुठला सूर मिळाला? मला उत्तर मिळत नाही.

इथं संगीत जाणणारा माणूस मला थांबवेल. तो म्हणेल, यंत्राच्या आवाजाचं संगीत युरोपात शंभर वर्षांपूर्वीच झालं. खरं आहे. 1913 मध्ये लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकारानं गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला आणि गुरगुरणारी, फुत्कारणारी पेटीवजा वाद्यं बनवली. 1948 मध्ये पॅरिसात पिएर शेफरनं रेल्वेचे आवाज मुद्रित करून ते कापून-जोडून रचना केली. 1976 मध्ये लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या गटानं आपल्या कंपनीचं नावच 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ठेवलं. 1980 मध्ये बर्लिनच्या आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेननं पत्रे, ड्रिल आणि भंगार वाजवायला घेतलं. मी हे सगळं मन लावून ऐकलं आहे. त्यातल्या काहींच्या धाडसाबद्दल मला आदर आहे. रुसोलोबद्दल मात्र नाही, कारण त्याचे सोबती यंत्राबरोबर युद्धाचेही गोडवे गात होते.

पण या परंपरेतल्या बऱ्याच कामांबद्दल माझी एक तक्रार आहे. ती कारखान्याला पाहुणा म्हणून सभागृहात आणतात. श्रोता तासभर गोंगाट सोसतो, त्यातलं सौंदर्य शोधतो आणि घरी जातो. 250 टनांच्या प्रेसजवळ आठ तास उभ्या राहिलेल्या माणसाला पत्र्यावरचा घाव ऐकवून काय मिळणार? तो घाव त्याच्या दाढांत बसलेला असतो. रविवारी दुपारी झोपेतही त्याचा पाय पेडल दाबतो. आवाज बंद करण्याची मुभा ज्याला आहे त्यालाच गोंगाटात सौंदर्य दिसू शकतं. आम्हाला ती मुभा नव्हती.

ड्रेक्सियानं वेगळी वाट धरली, आणि माझ्या मते हीच त्यांची थोरवी. मोटारींच्या राजधानीत राहून त्यांनी मोटार वाजवली नाही. त्यांनी ठोका घेतला, लाइनसारखा न थकणारा, न चुकणारा. आणि तो घेऊन ते पाण्याखाली गेले. 1997 मध्ये त्यांचा 'द क्वेस्ट' नावाचा संग्रह निघाला. त्याच्या सोबतच्या मजकुरात त्यांनी एक कथा मांडली. आफ्रिकेतून माणसं गुलाम करून नेणाऱ्या जहाजांवरून आजारी, अडचणीच्या वाटणाऱ्या गर्भार बायका समुद्रात फेकल्या गेल्या. त्यांच्या पोटातली मुलं मेली नाहीत. गर्भातल्या पाण्यातून समुद्राच्या पाण्यात येताना ती श्वास घ्यायला विसरली नाहीत, आणि तळाशी त्यांनी आपलं राज्य उभारलं. ते राज्य म्हणजे ड्रेक्सिया. कथा कल्पित आहे, पण तिच्यातली जहाजं खरी आहेत. 1781 मध्ये 'झाँग' नावाच्या जहाजावरून सव्वाशेहून अधिक माणसं पाण्यात ढकलली गेली आणि जहाजाच्या मालकांनी त्यांच्यासाठी विम्याचे पैसे मागितले.

आता 'नेपच्यून्स लेअर' पुन्हा लावतो. पहिल्याच तुकड्याच्या नावात पाण्यातलं देऊळ आहे. 'अँड्रियन सँड ड्यून्स' मध्ये एक सूर वर-खाली हेलकावत राहतो, दुःखी नाही, आनंदीही नाही. फार दिवसांनी गावी आलेला माणूस वाड्याच्या चौथऱ्यावरून फिरतो तसा. 'ड्रेनिंग ऑफ द टँक्स' म्हणजे टाक्या रित्या करणं. आणखी एक तुकडा आहे, त्याचं नाव भविष्य नसलेल्या काळात वाहत जाण्याबद्दल आहे. यात कुठेही रडणं नाही. आक्रोशासाठी शब्द लागतात, आणि ते त्यांनी जवळजवळ वापरलेच नाहीत. ठोका चालू आहे, कुणीतरी काम करतंय, खाली, अंधारात, व्यवस्थित. मला हे अंधारं संगीत म्हणून पटतं ते एवढ्यासाठी: यातला अंधार रंगवलेला नाही. आपण ज्याच्या डोक्यावर उभे आहोत त्या जागेचा तो अंधार आहे.

कारखान्यांच्या गावाला लागणारं संगीत हे कारखान्याच्या आवाजाचं संगीत नसतं, असं माझं म्हणणं आहे. त्या आवाजाखाली जे बुडालं, त्याचं ते असावं लागतं.

मग आमच्या आवाजाखाली काय बुडालं? उत्तरासाठी फार लांब जावं लागत नाही. विजेवर वाजणाऱ्या संगीताबद्दल बोलतोय, तर आधी विजेपासूनच सुरुवात करू. 1921 साली मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी. सत्याग्रह हरला, धरण झालं, मावळ्यांची गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली. त्या पाण्यातून भिऱ्याला वीज तयार झाली आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. महाराष्ट्रात विजेवर फिरलेल्या कितीतरी चात्यांच्या मुळाशी एक बुडालेलं खोरं आहे. पुढे 1970 च्या दशकात मावळात पवना धरण उभं राहिलं. त्या पाण्याखालीही जमिनी गेल्या, आणि पुनर्वसनाची वाट बघण्यात तिथल्या घरांच्या दोन-दोन पिढ्या सरल्या. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून निगडीला शुद्ध होतं आणि आमच्या नळाला येतं. कारखान्यांचं पाणीही रावेतलाच उचललं जातं. ज्या कूलंटमध्ये मी हात बुडवले त्यातलं पाणी कुणाच्या तरी शेतावर उभं होतं. पवनेतून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं, तेव्हा मावळातले शेतकरी रस्त्यावर आले. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघे शेतकरी मेले. त्यात एक बाई होती. त्या दिवशी मी सेकंड शिफ्टला होतो. कँटीनमध्ये टीव्हीवर बातमी चालू होती, आणि हात धुवायच्या नळाला नेहमीसारखं जोरात पाणी होतं.

इथं मला एक रेघ ओढलीच पाहिजे. गुलामांच्या जहाजांची आणि धरणाच्या विस्थापनाची मी तुलना करत नाही. ज्यांना माणूस म्हणूनच मोजलं नाही, विकत घेतलं, फेकून दिलं, त्यांचं दुःख त्यांचं आहे. ते उसनं आणून आपल्या दाराला तोरण लावणं मला अपमानाचं वाटेल. ड्रेक्सियाकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. शहर ज्यांच्यावर उभं राहिलं ते बुडून संपले, असं मानायला त्यांनी नकार दिला. संपले असं मानलं की स्मारक बांधता येतं, वर्षातून एकदा हार घालता येतो. ते खाली जिवंत आहेत असं मानलं की मात्र रोज ऐकत राहावं लागतं.

हा नकार आपल्याला परका नाही. चाकण, तळवडे, चिखली या पट्ट्याला लागूनच देहू आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीच्या डोहात बुडवली गेली, ते काठावर तेरा दिवस बसून राहिले आणि गाथा वर आली, ही कथा इथल्या प्रत्येक पोराला आईच्या मांडीवर ठाऊक होते. ती ऐतिहासिक किती, याचा वाद अभ्यासकांनी घालावा. मला त्यातलं पाणी महत्त्वाचं वाटतं. या मातीची सर्वांत लाडकी कथा बुडवलेल्या शब्दांची आहे, आणि पाण्यानं ते शब्द परत केले अशी ती आहे. डेट्रॉईटच्या दोन पोरांनी 1990 च्या दशकात जे कल्पिलं, त्याच्या जवळची कल्पना आपल्याकडे साडेतीनशे वर्षं कीर्तनातून फिरते आहे. त्याच इंद्रायणीवर आज आळंदीला पांढरा फेस तरंगतो. या फेसाबद्दल कितीतरी बातम्या आल्या, मोर्चे निघाले. त्या फेसाखालून काय ऐकू येईल, याचा विचार करणारं संगीत अजून आलेलं नाही.

ठोक्याबद्दलही आपल्याजवळ काही आहे, आणि ते माझ्या मते सर्वांत मोलाचं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्यातल्या कितीतरी मुळशी-मावळातल्या बायकांनी गायल्या. जातं हे यंत्र आहे. त्याला पाळी आहे, खुंटा आहे, घास घालायचं तोंड आहे, फिरण्याचा आवाज आहे. तो आवाज घुमतो, खर्जात, एकसारखा. आणि त्यावर बाईचा सूर पुन्हा पुन्हा त्याच वळणानं येतो. विजेच्या संगीतात ज्याला लूप म्हणतात, तो पहाटे चार वाजता आपल्या प्रत्येक घरात चालू होता. त्यात माहेर होतं, भाऊ होता, विठ्ठल होता, आणि नवऱ्यानं केलेली मारहाणही होती. उजेडात ज्याबद्दल तोंड उघडता येत नव्हतं ते जात्याच्या आवाजाखाली बोललं जायचं. अंधारं संगीत म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला शेवटी बर्लिनपेक्षा हे जातं जास्त उपयोगी पडलं.

जातं आणि प्रेस यांत फरक एकच आहे, पण तो मोठा आहे. जात्याची गती बाईच्या दंडात होती. दमली की ते हळू फिरे, ओवीचा शेवट लांबला की तेही लांबे. कष्ट भयंकर होते, त्यांना मी सोनं चढवणार नाही. गिरणी आली तेव्हा त्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल आणि तो योग्यच होता. पण लय तिची होती. प्रेसची गती सायकल टाइम ठरवतो. सायकल टाइम कागदावर लिहिलेला असतो आणि तो दर वर्षी थोडा थोडा उतरतो. त्यावर ओवी बसत नाही. मी प्रयत्न केला आहे. माझी आजी म्हणायची ती चाल स्ट्रोकवर बसवायला गेलो तर तिसऱ्या शब्दाला श्वास तुटतो. कारखान्यातून गाणं उगवलं नाही याचं हे एक कारण असावं, असं मला वाटतं. माणूस ज्या लयीत काम करत होता ती लय त्याच्या छातीची नव्हती. शिवाय आवाज इतका की शेजारच्याला गाणं ऐकूच जाणार नाही, आणि ऐकायला कुणी नसेल तर ओवी कुणासाठी?

ड्रम मशीन मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी. तेही यंत्रच, तेही न थकता तोच ठोका देणारं. पण त्याचं बटण ट्रक चालवून घरी आलेल्या माणसाच्या बोटाखाली आहे. तो ठोका थांबवू शकतो, एक मात्रा गाळू शकतो, वेग मंद करू शकतो. दिवसभर ज्याची लय दुसऱ्यानं ठरवली, तो रात्री यंत्राची लय स्वतः ठरवतो. 'नेपच्यून्स लेअर' मधले ठोके नीट ऐकले तर ते किंचित तिरके पडलेले जाणवतात. घाव जिथे अपेक्षित तिथे मोकळी जागा, आणि जिथे अपेक्षा नाही तिथे घाव. प्रेसवर असं झालं तर बोट जातं. गाण्यात असं झालं की श्वास मिळतो.

एक आक्षेप मला माझ्या जुन्या सोबत्यांकडून येतो, आणि त्याचं वजन मला मान्य आहे. ते म्हणतात, बारा तास राबून आलेल्या माणसाला तू अंधार कशाला ऐकवतोस? त्याला चार उडती गाणी लाव, भजन लाव, झोपू दे. खरं आहे. मीही घरी आल्यावर पुष्कळदा भीमसेन जोशींचे अभंगच लावले आहेत, आणि त्यांनी मला सावरलं आहे. चाकणच्या प्रत्येक कंत्राटी पोरानं ड्रेक्सिया ऐकावं अशी माझी इच्छा नाही. पण उडतं गाणं आणि भजन यांच्यामध्ये एक जागा रिकामी आहे. त्या जागेत दमलेला, चिडलेला, ज्याचं गाव धरणात गेलं किंवा दुष्काळात गेलं आणि जो आता चिखलीच्या एका खोलीत पाचजणांबरोबर पाळीपाळीनं झोपतो, असा माणूस उभा आहे. त्याच्या आतल्या आवाजाला आपण कुठलंच रूप दिलेलं नाही. मग ती जागा विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती भरून काढतात. त्या भिंतींचा खर्ज छातीवर बसतो आणि थोडा वेळ आतलं काहीच ऐकू येत नाही. पोरं त्यापुढे तासन्तास का नाचतात, हे मला कळतं. ज्याच्या कानांना रोज 90 डेसिबल मिळतात त्याला आतला आवाज दाबायला त्याहून जास्त लागतात. ड्रेक्सियाचा खर्जही खोल आहे, पण तो आतलं दाबत नाही, त्याला जागा करून देतो. हा फरक शब्दांत पकडणं अवघड आहे. तो कानांनीच घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप येतो की हे सगळं विलायती. त्यावर फार वेळ घालवायला नको. 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला आणि गीता साराभाईंसारख्या माणसांनी तिथे विजेच्या सुरांवर प्रयोग केले. त्या फिती 2023 मध्ये अल्बमरूपात बाहेर आल्या. 1982 मध्ये मुंबईत चरणजितसिंग यांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवले. हार्मोनियमही कधीतरी बाहेरूनच आली होती आणि आज तिच्यावाचून आपलं भजन उभं राहत नाही. वाद्य कुठलं याला फारसा अर्थ नाही. त्यावर कोण बसतं आणि कशासाठी बसतं, त्याला आहे.

ट्रेझोर या जर्मन शब्दाचा अर्थ तिजोरी. बर्लिनची भिंत पडल्यावर 1991 मध्ये एका जुन्या दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीत तो क्लब सुरू झाला आणि त्याच्याच कंपनीनं पुढे डेट्रॉईटचं हे संगीत जपलं. आता तो क्लब एका बंद पडलेल्या वीजकेंद्रात आहे. कारखाना बंद पडला की त्यात संगीत भरतं, असा युरोप-अमेरिकेचा क्रम दिसतो. आकुर्डीत 2007 मध्ये दुचाकींचं उत्पादन थांबलं तेव्हा मला वाटून गेलं होतं, आपला पट्टाही त्याच रस्त्यानं जाणार का? मला तो क्रम नको आहे. चाकणची यंत्रं चालू असताना, तिथे माणसं कामावर असताना हे संगीत व्हावं, असं वाटतं. पडीक शेडमध्ये रोषणाई करून ऐकण्याइतका वेळ आमच्या कानांकडे नाही.

पवना धरणात वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी वरचे दगड दिसतात, मग खांब, मग आतलं गाळानं भरलेलं गर्भगृह. मेच्या एका दुपारी मी तिथे गेलो होतो. माणसं दर्शनाला येत होती, कुणी दगडांवरून हात फिरवत होतं. खांबांवर पाण्याच्या पातळीच्या रेघा होत्या, एकाखाली एक. पलीकडे पाणी काठाला लागत होतं आणि कुठेतरी लांब पंप चालू होता, त्याचा खर्ज मला स्पष्ट येत होता. खिशात अल्बम होता. तो मी लावला नाही.

चिखलीत एका खोलीत जुन्या लॅपटॉपवर ठोके बनवणारा एक पोरगा माझ्या ओळखीचा आहे. दिवसा वेल्ड शॉपला असतो. त्याला मी म्हटलं आहे, पाण्यात बुडवायचा मायक्रोफोन मिळतो, आपण वर्गणी काढून घेऊ. पाऊस पडून देऊळ पुन्हा बुडायला लागेल तेव्हा तिथे जाऊ, मग रावेतच्या बंधाऱ्यावर, मग देहूला. जे येईल ते घे, त्याखाली तुझा ठोका ठेव. तो म्हणाला, काका, तुम्ही ऐकून सांगा कसं झालंय ते. खालचं मी सांगेन. वरच्या बारीक आवाजांत काय आलंय, पाणी दगडाला लागतं तेव्हा ते नेमकं कसं वाजतं, ते त्यानं मला सांगायचं आहे.